उत्तरेच्या जंगलातला दुष्काळ वलयांत कसा वाचायचा: तरुण आणि जुन्या झाडांची तुलना चुकू नये म्हणून

कॅनडा, स्वीडन, फिनलंडमध्ये वनशास्त्र शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या वलयांच्या (खोडात दर वर्षी बनणाऱ्या लाकडाच्या थरांच्या) फायली माझ्याकडे तपासायला येतात. त्यांत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. चाळीस वर्षांच्या आणि दीडशे वर्षांच्या झाडांची वलयं शेजारी ठेवायची, दुष्काळाच्या वर्षी कोणाचं वलय किती अरुंद झालं ते मोजायचं आणि ‘तरुण जंगल दुष्काळात जास्त तग धरतं’ असं लिहून मोकळं व्हायचं. आकडेमोडीत चूक नसते, पण निष्कर्ष टिकत नाही. दुष्काळ पडो न पडो, झाडाचं वय वाढतं तशी वलयाची रुंदी बदलतेच. तो बदल आधी बाजूला काढला नाही, तर आपण वयच मोजतो आणि त्याला दुष्काळ म्हणतो.

उदाहरणादाखल एकच प्रसंग धरते: २००१-०२ चा कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांतला दुष्काळ. सस्कॅचेवान आणि अल्बर्टामध्ये बोरिअल जंगलाच्या (उत्तरेच्या थंड पट्ट्यातल्या जंगलाच्या) दक्षिण कडेला, गवताळ प्रदेश संपून जंगल सुरू होतं त्या पट्ट्यात, अ‍ॅस्पेनचे शेंडे मोठ्या प्रमाणावर वाळले. झाडं होती अ‍ॅस्पेन (रुंद पानांचं, पानगळीचं) आणि सूचिपर्णी जॅक पाइन, व्हाइट स्प्रूस आणि ब्लॅक स्प्रूस. खालची पद्धत युरोपातल्या स्कॉट्स पाइन किंवा नॉर्वे स्प्रूसलाही लागू पडते.

## १. ‘वय’ म्हणजे कशाचं वय, ते आधी ठरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात.

बोरिअल जंगलात मोठी आग लागून गेली की पुढची पिढी जवळपास एकाच वेळी उगवते. जॅक पाइनची शंकूफळं राळेने चिकटून बंद असतात, आगीच्या उष्णतेने उघडतात आणि बी एकदमच पडतं. म्हणून तिथे ‘जंगलाचं वय’ म्हणजे शेवटच्या आगीपासूनची वर्षं, असं धरता येतं. बाकीच्या झाडांना हे इतकं सरळ लागू होत नाही.

अ‍ॅस्पेन बहुतेक मुळांतून फुटतं. आग किंवा तोड झाली की जुन्या मुळांवर हजारो धुमारे येतात. वर पंधरा वर्षांचं खोड आणि खाली त्याहून कितीतरी जुनी मुळं, अशी ही जोडी असते. अशा झाडाने दुष्काळ सहज सोसला, तर ते श्रेय ‘तरुण वया’ला देता येत नाही. त्याला जुन्या मुळांचा आयता आधार मिळालेला असतो.

ब्लॅक स्प्रूसची अडचण उलटी आहे. खोडाचा तळ दरवर्षी वाढणाऱ्या मॉसच्या (शेवाळासारख्या वनस्पतीच्या) थरात बुडत जातो आणि बुडालेल्या खोडाला नवी मुळं फुटतात. तुम्हाला जमिनीलगत दिसतो तो खरा तळ नसतो, तो खाली मॉसमध्ये असतो. त्यातून हे झाड सावकाश वाढणारं, छातीच्या उंचीपर्यंत यायलाच त्याला कितीतरी वर्षं लागतात. छातीच्या उंचीवर मोजलेली वलयं म्हणजे झाडाचं वय नव्हे.

तपासा: तुमच्या तक्त्यात ‘वय’ या रकान्यात नेमकं काय भरलंय? आगीपासूनची वर्षं, छातीच्या उंचीवरची वलयसंख्या की खोडाच्या खऱ्या तळापासूनचं वय? तिन्ही वेगळी आहेत. तीन वेगळे रकाने करा.

## २. जंगलाचे तुकडे निवडताना माती जुळवा, मग वय

वेगवेगळ्या काळी जळलेले तुकडे शेजारी-शेजारी असतील तर एकाच दुष्काळाचा अनेक वयांवरचा परिणाम एकदम पाहता येतो. मॅनिटोबातल्या थॉम्पसन गावाजवळ ब्लॅक स्प्रूसची अशी मालिका आहे. १८५०, १९३०, १९६४, १९८१, १९८९, १९९८ आणि २००३ साली जळालेले तुकडे तिथे आहेत आणि त्यांवर बरंच काम झालं आहे.

धोका एवढाच की जुनं जंगल जुनं का उरलं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पुष्कळदा ते ओलसर खोलगट जागी असतं, म्हणून आग तिथवर पोहोचत नाही. तरुण तुकडा कोरड्या वाळूच्या उंचवट्यावर असतो. मग तुम्ही तुलना करता ती वाळू आणि पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या थराची), आणि शीर्षक देता ‘वयाचा परिणाम’.

पीटवरच्या ब्लॅक स्प्रूसला कोरडं वर्ष कधी कधी मानवतंही. पाण्याची पातळी खाली जाते, मुळांना हवा मिळते. त्याच वर्षी वाळूवरचं जॅक पाइन तहानेने अडून बसलेलं असतं.

म्हणून प्रत्येक वयोगटात एकच जात, सारखी माती, सारखा निचरा आणि शक्यतो सारखा उतार घ्या. हातभर खड्डा खणून मातीचा पोत, पीटची जाडी आणि पाणी किती खोलीवर लागतं ते लिहा. प्रत्येक वयोगटात किमान तीन वेगळे तुकडे हवेत. एकाच तुकड्यातली साठ झाडं म्हणजे साठ स्वतंत्र नमुने होत नाहीत. मार्गदर्शकाने दहा वेळा सांगूनही मुलं इथे घसरतात.

## ३. झाड निवडणं आणि कोअर काढणं

रानात पाऊल टाकण्याआधी परवानगी घ्या. राष्ट्रीय उद्यानात आणि मूळनिवासी समाजांच्या जमिनीवर ती वेगवेगळ्या ठिकाणाहून लागते आणि वेळ खाते.

झाडं डोळ्यांना बरी दिसतील तशी निवडू नका. सगळ्यात जाड झाडावर हात आपोआप जातो. पण जुन्या जंगलातली जाड झाडं म्हणजे आजवरच्या सगळ्या दुष्काळांतून तगलेली झाडं. तरुण जंगलात अशी निवड अजून झालेलीच नसते. जमिनीवर वर्तुळ आखा आणि त्यातली ठरलेल्या जाडीपुढची सगळी झाडं घ्या. त्यांत वाळून उभी असलेलीही आली. दुष्काळाने मारलेली झाडं गाळली तर दुष्काळ सौम्यच दिसणार.

काम असं चालतं:

१. बोअरर (खोडातून लाकडाची बारीक कांडी, म्हणजे कोअर, काढणारं पोकळ गिरमिट) धारदार आहे का ते पाहा, मेण लावा.
२. उतारावर उताराला आडवं छिद्र घ्या. सूचिपर्णी झाडाच्या उताराकडच्या अंगाला खोड सावरण्यासाठी घट्ट, गडद लाकूड बनतं आणि तिथली वलयं फुगीर असतात.
३. सुरुवातीला छातीने दाब देऊन बोअरर सरळ बसू द्या, मगच फिरवा. तिरका गेला की मध्य चुकलाच.
४. एका झाडाचे दोन कोअर घ्या, दोन वेगळ्या बाजूंनी. तुलनेसाठी १.३ मीटरवर आणि वयासाठी जमेल तितक्या खाली आणखी एक. ब्लॅक स्प्रूसला मॉस हाताने उकरा.
५. कोअर कागदी स्ट्रॉमध्ये ठेवा. प्लॅस्टिकमध्ये दोन दिवसांत बुरशी धरते.
६. स्ट्रॉवर पेन्सिलने लिहा: तुकडा, झाड, बाजू, तारीख. पेनाची शाई पावसात धुऊन जाते.

सावधान: बोअरर खोडात अर्धा ठेवून डबा खायला बसू नका. लाकूड आवळतं आणि तो निघत नाही. वसंतात खोडाचा आतला भाग अजून गोठलेला असतो, तेव्हाही तेच होतं.

सावधान: जुलैमध्ये कोअर काढलात तर सगळ्यात बाहेरचं वलय अर्धवट असतं. ते अरुंद दिसतं म्हणून दुष्काळात धरू नका. सप्टेंबरच्या मध्यानंतर गेलात तर हा प्रश्नच येत नाही.

## ४. घासणं, मोजणं आणि वर्ष जुळवणं

कोअर खाच पाडलेल्या लाकडी पट्टीवर असा चिकटवा की लाकडाचे तंतू उभे राहतील. आडवे चिकटवले तर कितीही घासा, पेशी दिसत नाहीत. पॉलिश पेपर १२० नंबरपासून सुरू करून २२०, ३२०, ४०० आणि ६०० पर्यंत न्या. नंबर गाळू नका. आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नका.

जॅक पाइनचं वलय वाचायला सोपं असतं. वसंतातलं फिकट लाकूड आणि उन्हाळ्याअखेरची गडद रेघ स्पष्ट दिसते. दुष्काळाचं वलय भिंगाखाली पाहिलं की विसरत नाही. आधीच्या वर्षी फिकट पेशींच्या वीस-पंचवीस ओळी असतात आणि मग एकदम चार-पाच फिकट ओळी, त्यांच्यावर गडद पेशींची जेमतेम एक. पेन्सिलीने ओढल्यासारखी. अ‍ॅस्पेनमध्ये मात्र सगळंच पांढुरकं, वलयाची कड शोधावी लागते. ब्लेडने पातळ काप घेऊन त्यावर खडू चोळला की कड उठते.

यानंतर क्रॉसडेटिंग. याचा अर्थ एका झाडातल्या अरुंद-रुंद वलयांचा क्रम दुसऱ्या झाडांशी जुळवून प्रत्येक वलयाला नेमकं साल देणं. नुसती वलयं मोजणं म्हणजे क्रॉसडेटिंग नव्हे. आधी डोळ्यांनी, मग कोफेचा किंवा डीपीएलआर या सॉफ्टवेअरने, याच क्रमाने. सॉफ्टवेअर फक्त कुठे गडबड आहे ते दाखवतं. गडबड काय आहे, ते पुन्हा भिंगाखालीच कळतं.

जुन्या, शेजाऱ्यांच्या सावलीत दबलेल्या झाडांत कडक दुष्काळाच्या वर्षी खोडाच्या एखाद्या बाजूला वलय बनतच नाही. माझ्या पहिल्या प्रकल्पात मी हेच चुकवलं. जुन्या स्प्रूसच्या काही कोअरमध्ये एक वलय गायब होतं, मला ते कळलं नाही आणि त्या झाडांची त्यामागची सगळी सालं एकाने सरकली. सरासरी काढली तेव्हा निम्म्या झाडांचा दुष्काळ उरलेल्यांच्या बऱ्या वर्षात मिसळला आणि जुनं जंगल दुष्काळाला बधलंच नाही असा आलेख आला. मी तो महिनाभर मिरवला. तरुण झाडांत वलय क्वचितच गायब होतं. त्यामुळे ही चूक दोन्ही वयांत सारखी पडत नाही, ती एकाच बाजूला झुकते.

तपासा: २००२ चं वलय बहुतेक झाडांत त्याच जागी अरुंद येतंय का? एखाद्या झाडात ते २००१ किंवा २००३ ला येत असेल, तर पुढे जाऊ नका.

तपासा: अ‍ॅस्पेनमधलं अरुंद, विलक्षण फिकट वलय दुष्काळाचंच आहे का? फॉरेस्ट टेंट कॅटरपिलर ही अळी झाडाची पानं ओरबाडते, त्या वर्षी असंच पांढरं वलय पडतं. ही अळी जिची पानं खात नाही अशा शेजारच्या जातीची वलयं पाहा. तिथेही त्या साली अरुंद वलय असेल तरच दुष्काळ म्हणा.

## ५. दुष्काळाची व्याख्या पावसाच्या आकड्याने करू नका

सागवानाच्या वलयांवर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत काम झालं आहे. ते वाचून आलेल्या मुलांच्या डोक्यात ‘पाऊस कमी, वलय अरुंद’ हे गणित पक्कं असतं. उत्तरेत ते तसंच्या तसं चालत नाही.

तिथे वर्षाच्या पाण्यातला मोठा वाटा बर्फाचा असतो आणि तो वितळून वसंतात जमिनीत मुरतो. शिवाय गरम कोरडी हवा पानांतून किती पाणी ओढून घेते, हेही पावसाइतकंच महत्त्वाचं. अलास्कातल्या व्हाइट स्प्रूसची वाढ विसाव्या शतकात तापमान वाढत गेलं तशी मंदावली, असं २००० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं. कारण हेच: ऊब वाढली आणि तिच्या जोडीने तहानही.

म्हणून पाण्याची आवक वजा हवेची मागणी, असा निर्देशांक घ्या. एसपीईआय हा दुष्काळ-निर्देशांक चालतो. पश्चिम कॅनडातल्या अ‍ॅस्पेनसाठी क्लायमेट मॉइश्चर इंडेक्स वापरतात आणि त्यात वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं धरतात. जानेवारी ते डिसेंबर धरलंत, तर वाढ थांबल्यानंतर पडलेला पाऊसही त्याच वलयाच्या खात्यात जमा होतो.

मागच्या उन्हाळ्याचा निर्देशांकही विश्लेषणात घ्या. या वर्षीच्या वलयात मागच्या वर्षीच्या साठ्याचा आणि कळ्यांचा हिस्सा असतो. अ‍ॅस्पेन पहिल्या कोरड्या वर्षी जमिनीतल्या जुन्या ओलीवर तरून जाऊ शकतं, फटका नंतर दिसतो.

सावधान: ध्रुवाकडच्या टोकाला, जिथे वाढ थंडीने अडते, तिथे गरम कोरडं वर्ष रुंद वलय देऊ शकतं. दक्षिण कडेचे आणि उत्तर टोकाचे तुकडे एका सरासरीत कोंबू नका.

## ६. वयाचा उतार काढून टाका

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या.

खोड जाड होत जातं तसं तेवढंच लाकूड मोठ्या परिघावर पसरतं, म्हणून वलय वयाबरोबर अरुंद होत जातं. हे टाळायला अनेक जण रुंदीऐवजी वलयाचं क्षेत्रफळ घेतात. ते बरंच आहे, पण पुरेसं नाही. तरुण झाडात क्षेत्रफळ दरवर्षी वाढत असतं, तर जुन्या झाडात ते स्थिरावलेलं किंवा उतरणीला लागलेलं असतं.

पुढचे आकडे मी समजावण्यासाठी रचलेले आहेत.

तरुण झाड: दुष्काळाआधीच्या ३ वर्षांची सरासरी ४ चौ.सेमी, दुष्काळाच्या वर्षी ३.२, नंतरच्या ३ वर्षांची सरासरी ५.५. जुनं झाड: आधी ६, दुष्काळात ४.२, नंतर ५.४.

सरळ भागाकार केला तर दुष्काळात तरुण झाडाने ०.८० वाढ राखली, जुन्याने ०.७०. नंतर तरुण १.३८ वर गेलं, जुनं ०.९० वर अडकलं. म्हणजे तरुण झाड दोन्हीकडे जिंकलं.

आता विचार करा. दुष्काळ नसता तर वाढत्या वयाचं हे तरुण झाड त्या वर्षी ५ वर असतं आणि नंतरच्या तीन वर्षांत सरासरी ६ वर. जुनं झाड मात्र ६ वरच राहिलं असतं. अपेक्षित वाढीने भागा: दुष्काळात तरुण ०.६४, जुनं ०.७०. नंतर तरुण ०.९२, जुनं ०.९०. आता दुष्काळात तरुण झाडच जास्त मार खातं आणि सावरण्यात दोघं जवळपास सारखी. झाडं तीच, मोजमाप तेच, निष्कर्ष मात्र उलटा.

ही अपेक्षित वाढ काढायची कशी? पुरेसे नमुने असतील तर त्या जातीच्या, त्या मातीवरच्या सगळ्या झाडांची वलयं सालाऐवजी वयाप्रमाणे रांगेत लावा आणि सरासरी वक्र काढा. दहाव्या वर्षी झाड साधारण किती वाढतं, पन्नासाव्या वर्षी किती, ते त्यातून कळतं. मग प्रत्येक वलय त्या वयाच्या अपेक्षित आकड्याने भागा. कोअर मध्यापर्यंत पोहोचला नसेल तर आतल्या वलयांच्या वक्रतेवरून चुकलेली वर्षं अंदाजून घ्या. नाहीतर झाड वक्रावर चुकीच्या वयाला बसतं.

सावधान: तीस वर्षांच्या झाडाला फार लवचीक स्प्लाइन (आकड्यांतून ओढलेली गुळगुळीत वक्ररेषा) लावलीत तर ती दुष्काळाच्या खड्ड्यातही उतरते आणि खड्डा बुजवून टाकते. लवचिकता वलयांच्या एकूण संख्येच्या टक्क्यांत ठरवली असेल, तर तीच टक्केवारी दीडशे वर्षांच्या झाडात दुष्काळ शाबूत ठेवते. दोन्ही वयांना एकच सेटिंग लावणं म्हणजे सारखी वागणूक नव्हे.

## ७. सोसणं आणि सावरणं वेगळं मोजा

दुष्काळाच्या वर्षी वाढ किती टिकली, हा एक प्रश्न. नंतर ती पूर्वपदावर कधी आली, हा दुसरा. दोन्ही एका आकड्यात बसवू नका. दुष्काळाची सावली पुढची एक ते चार वर्षं रेंगाळते असं जगभरच्या जंगलांत आढळलं आहे, म्हणून नंतरची किमान चार वर्षं पाहा.

‘आधीची वर्षं’ निवडताना त्यांत दुसरा दुष्काळ किंवा अळीची साथ नाही ना, ते पाहा. आधीचं वर्षच वाईट असेल तर दुष्काळ फुकटात सौम्य ठरतो.

## ८. आकड्यांवरून जंगलाकडे

संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये वय सलग आकडा म्हणून ठेवा. ‘तरुण’ आणि ‘जुनं’ असे दोन डबे करू नका. कोणतं झाड कोणत्या तुकड्यातलं आहे, हे मॉडेलला सांगा. वयाबरोबर खोडाची जाडी आणि शेजारच्या झाडांची दाटीही घाला. वय आणि आकार हातात हात घालून चालतात. पाणी उंच शेंड्यापर्यंत ओढावं लागतं ही अडचण उंचीची आहे, वर्षांची नाही. आणि आगीनंतरच्या दाट तरुण जंगलात शेजारी पाणी पळवतो, ही अडचण गर्दीची आहे.

कोणतं वय जास्त भोगतं, याचं एकच उत्तर आधीपासून मनात धरू नका. उथळ मुळांचं, दाटीतलं तरुण झाड पटकन अडतं आणि पुष्कळदा पटकन सावरतंही. जुन्याची मुळं पसरलेली असतात, पण पाणी वाहणाऱ्या नळ्यांत हवा शिरली तर भरपाई सावकाश होते.

वाढ आणि मरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अहवालात वेगळं लिहा. पश्चिम कॅनडातल्या, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मोजल्या जाणाऱ्या तुकड्यांवरच्या २०१३ च्या एका अभ्यासात हवामानबदलामुळे झाडं मरण्याचा दर तरुण जंगलांत जास्त वाढलेला आढळला. केवळ जुन्या जंगलांवर लक्ष ठेवल्याने नुकसान कमी लेखलं जातं, असं त्या अभ्यासकांचं म्हणणं. मेलेली झाडं तुमच्या नमुन्यात नसतील, तर तिसऱ्या टप्प्यातल्या वर्तुळाकडे परत जा. त्या वर्तुळात पडलेली खोडं मोजा, जमतील त्यांचे कोअर काढा, त्यांचं शेवटचं वलय कोणत्या सालचं ते शोधा. सडलेल्या खोडाचा कोअर बोटांत चुरतो, तेव्हा करवतीने पातळ चकती कापून घ्या आणि कापण्याआधी तिला दोरी गुंडाळा, म्हणजे खोडाची साल आणि शेवटची वलयं गळून पडणार नाहीत.